दहा मोजेपर्यंत

फोन वाजला तेव्हा अस्वलाचं डोकं वरच्या चिमट्यात होतं, धड खालच्या, आणि काटा सहा किलोच्या पुढे सरकत होता. मशीन मध्येच थांबवली तर अख्खी चाचणी पहिल्यापासून करावी लागते, म्हणून मी फोन वाजू दिला. काटा नऊवर आला, मी दहा सेकंद मोजले, डोकं जागेवर राहिलं, वहीत बरोबरची खूण केली आणि मग फोन उचलला. पाळणाघरवाल्या ताई होत्या. त्या दुपारी कधी फोन करत नाहीत. पोराला ताप आला तरी संध्याकाळीच सांगतात. दुपारी सांगून तुम्ही काय दिवे लावणार होतात, असं त्यांचं म्हणणं.

"तुमच्या ठकीनं बाळाचा कान ओढला," त्या म्हणाल्या.

कुठलं बाळ ते मला कळलं. पाळणाघरात सगळ्यात लहान तेच, आठ महिन्यांचं, नुकतं बसायला लागलेलं. त्याची आई बेकरीत कामाला आहे.

"पोरं ओढतातच की ताई."

"ओढतात हो दादा. पण मोजत नाहीत."

पलीकडे कुणीतरी रडत होतं. बहुधा तेच बाळ.

"एक, दोन, तीन करत दहापर्यंत मोजलं तिनं. ते लेकरू बोंबलतंय आणि ही आपली मोजतेय. मी हात धुवून येईपर्यंत दहा झाले, सोडला तिनं. म्हटलं, झालं एकदाचं. तर बयेनं दुसरा कान धरला."

दुसरा कान का, हे ताईंना कळलं नव्हतं, कुणालाच कळलं नसतं; मला लगेच कळलं. नियमच तसा आहे. खेळण्याला दोन कान असतील तर दोन्ही ओढायचे. एक टिकला म्हणून दुसराही टिकेल, असं धरून चालायचं नाही. संध्याकाळी जरा लवकर येतो, असं सांगून मी फोन ठेवला आणि अस्वलाला चिमट्यातून सोडवलं. शेजारच्या टेबलावरच्या जाड्यानं विचारलं, "काय रे, घरून का?" मी म्हणालो, "काही नाही, पोरीचं." आणि अस्वलाचा डावा हात चिमट्यात घातला.

मी खेळणी तपासतो. लोकांना हे सांगितलं की ते आधी हसतात आणि मग म्हणतात, मजा आहे बुवा तुमची, दिवसभर खेळायचं. बारा वर्षांत मी एकदाही खेळलेलो नाही. आम्ही ओढतो, पिळतो, दाबतो, बरोबर पंच्याऐंशी सेंटिमीटरवरून पाच वेळा आपटतो, आणि जे काही तुटून पडेल ते उचलून एका लहानशा नळीत टाकतो. ही नळी तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशाएवढी असते. कागदोपत्री तिला मोठं लांबलचक नाव आहे, आम्ही नुसतं 'घसा' म्हणतो. 'जरा घसा दे रे', 'घसा कुठे ठेवलास', असं दिवसभर चालू असतं. नवीन माणूस पहिले दोन दिवस दचकतो आणि मग तोही म्हणायला लागतो. तुकडा घशात पूर्ण मावला की खेळणं नापास. त्यात रागलोभ काही नाही. गोंडस ससा असो की कुरूप माकड, मला ते सारखेच. उलट गोंडस खेळण्याकडे मी जास्त संशयानं बघतो, कारण बनवणाऱ्यानं सगळा जीव चेहऱ्यावर खर्च केलेला असतो आणि शिवण देवाच्या भरवशावर सोडलेली असते. साहेब म्हणतात, तुझ्यासारखा थंड डोक्याचा माणूस या कामाला लागतो. हे ते कौतुकानं म्हणतात आणि मीही इतकी वर्षं ते कौतुक म्हणूनच घेत आलो.

ठकी हे तिचं पाळण्यातलं नाव नाही. जन्मल्या जन्मल्या अंग इतकं ताठ धरलं होतं तिनं, की नर्सच म्हणाली, ही तर लाकडाची ठकी आली, तेच चिकटलं. आता ती दोन वर्षं चार महिन्यांची आहे. तिच्या हातात मी कुठलंही खेळणं तपासल्याशिवाय दिलेलं नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. तिच्या मामानं दिलेली गाडी असो की शेजारणीनं आणलेला खुळखुळा, आधी ते जेवणाच्या टेबलावर येणार. घरी मशीन नाही, पण बारा वर्षांत बोटांना नऊ किलो कळायला लागलेत. चाक धरायचं, ओढायचं, दहा मोजायचं. पिळायचं, दहा मोजायचं. मग फरशीवर पाच वेळा आपटायचं. मोजणं मोठ्यानं करायची सवय आहे, कारण लॅबमध्ये वही लिहिणाऱ्याला ऐकू जावं लागतं. ठकी समोरच्या उंच खुर्चीत पट्ट्यात बसून हे बघायची. संत्रं सोलणाऱ्या बापाकडे इतर पोरं जशी बघतात, तशी निमूट, आपला वाटा येईपर्यंत. सगळं झालं की मी म्हणायचो, "चांगलंय. घे." ती घ्यायची. मला वाटायचं, काय शहाणी पोर आहे, हट्ट म्हणून नाही.

संध्याकाळी मी साडेपाचलाच पाळणाघरात गेलो. दोन खोल्या, एकीत चटया, एकीत खेळणी आणि मध्ये कमरेएवढं लाकडी फाटक, पोरांनी खालची कड दातांनी कुरतडलेलं. ताईंनी मला फाटकाबाहेरच थांबवलं, म्हणाल्या, "तिला दिसू नका, नुसतं बघा." मी दाराच्या आड उभा राहिलो. ठकी भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. तिच्यासमोर तीन पोरं उभी. मला आधी कळेना काय चाललंय. एका पोरानं तिच्या हातात प्लॅस्टिकचा टेलिफोन दिला. तिनं त्याचा दांडा धरून ओढला, ओठ हलवत मोजलं, सात नेहमीप्रमाणे गाळला, मग टेलिफोन उचलून फरशीवर आपटला, पाच वेळा, आणि पोराला परत दिला. "चांगलंय. घे." पोरगं खूश होऊन पळालं. पुढचं पोर पुढे सरकलं.

"रांग लावतात तिच्यापुढे," ताई म्हणाल्या. "इन्स्पेक्टर झालीय इथली. मलासुद्धा पहिले दोन दिवस हसू आलं. पण दादा, ती स्वतः काही खेळत नाही हो. सगळ्यांना देते आणि रिकाम्या हातांनी बसते."

"शांत आहे स्वभावानं."

"शांत मुलं मी पुष्कळ बघितलीत. पडली तर तोंड वाकडं तरी करतात. ही पडली की उठते आणि कशावर पडले ते बघते." ताईंनी आवाज खाली आणला. "ते लेकरू रडत होतं तेव्हा तिच्या तोंडाकडे बघत होते मी. राग नव्हता. खोडी काढल्याचा आनंदही नव्हता. काहीच नव्हतं. खरं सांगू, मला भीती वाटली."

मग त्यांनी सरळ सांगितलं. बाळाच्या आईनं दुपारी येऊन दोन्ही लाल कान बघितले होते. एक आठवडा बघू. परत असं काही झालं तर तिला ठेवून घेता येणार नाही. इतरांचीही लेकरं आहेत. त्यांचं बरोबरच होतं. त्यांच्या जागी मी असतो तर आठवडाही दिला नसता, पहिल्याच चाचणीला नापास केलं असतं. बाळाची आई तेवढ्यात आलीच, मनगटापर्यंत पिठाचे हात, बाळाला कडेवर घेताना तिनं हात खसाखसा एप्रनला पुसले. मी पुढे होऊन म्हणालो, "माझ्या मुलीकडून चूक झाली." ती म्हणाली, "असू दे," आणि बाळाचं डोकं माझ्याकडून दुसरीकडे वळवून निघून गेली. ठकीनं मला बघितलं, उठली, स्वतःच्या चपला घेऊन आली आणि पाय पुढे केले. बाकीची पोरं बाप दिसला की धावत येतात, गुडघ्यांना मिठ्या मारतात. हे मी रोज बघत होतो, रोज. माझ्या पोरीचे पाय व्यवस्थित पुढे येतात याचंच मला समाधान होतं.

तिची आई त्या वेळी माहेरी होती. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं, आणि उठायला बसायला माणूस हवं म्हणून ती सहा आठवड्यांसाठी गेली होती. जाताना काळजीत होती. मी म्हणालो, तू निर्धास्त जा. आणि खरंच, काही अडलं नाही. फ्रिजवर मी तक्ता लावला होता. सकाळचं दूध, शी, आंघोळ, नाकात मीठपाण्याचे थेंब, नखं रविवारी. आंघोळीच्या पाण्यात थर्मामीटर. द्राक्षं उभी चिरून, आडवी नाही, कारण आडवं चिरलेलं द्राक्ष गोलच राहतं आणि घशात बूच बसतं. पायांच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या. सदरा डोक्यातून घालताना आधी गळा दोन्ही हातांनी ताणायचा म्हणजे कान अडकत नाहीत. मूल सांभाळणं अवघड असतं म्हणून लोक उगाच बाऊ करतात, असं मी जाड्याला दोनदा म्हणालो होतो. त्याला तीन आहेत. तो नुसता हसला होता.

"ठकी कशी आहे?" बायकोनं त्या संध्याकाळी फोनवर विचारलं.

"ठीक."

"जेवते?"

"जेवते."

"माझी आठवण काढते का रे?"

मी टेबलाकडे बघितलं. ठकी वाटीतले भाताचे दाणे एकेक उचलून तोंडात घालत होती. चार आठवड्यांत तिनं आईचं नाव काढलं नव्हतं. आणि माझ्या ते लक्षातसुद्धा आलं नव्हतं, कारण तक्त्यात तसा रकाना नव्हता.

"काढते ना," मी म्हणालो.

"खोटं बोलायला तुला कधी जमलं नाही. असू दे. तिच्या अंगावरून हात फिरव झोपताना." कानाचं मी सांगितलं नाही. तिच्यापुढे सासूबाईंचं दुखणं होतं, हे कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण वेगळं होतं. तिनं विचारलं असतं, ती अशी कुणावर गेली?

कुणावर गेली, याचा मी पुढचे तीन दिवस विचार करत होतो. लॅबमध्ये, बसथांब्यावर, दुधाची बाटली उकळताना. मी लहान असताना माझी आत्या परदेशातून चावीचं इंजिन घेऊन आली होती. लाल, पत्र्याचं, मागे दोन डबे, आणि चावी दिली की पुढच्या दिव्यातून बारीक ठिणगी उडायची. वडिलांनी ते एकदा चालवून दाखवलं, पुन्हा खोक्यात घातलं आणि काचेच्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं. खराब होईल, म्हणाले. पाहुणे आले की खाली यायचं, तीनदा चावी द्यायची, सगळ्यांनी वाहवा म्हणायचं, परत वर. मी रुसलो नाही, रडलो नाही, एकदाही खुर्ची लावून वर चढलो नाही. आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आमचं पोर म्हणजे अगदी समजूतदार, कशाला हात लावील तर शपथ. सोळाव्या वर्षी वडिलांनी ते खोकं मला दिलं, म्हणाले, आता तू जपशील. मी इंजिन हातात घेऊन खोलीत बसलो. एक ओरखडा नव्हता त्यावर. त्याचं काय करायचं असतं तेच मला कळेना. थोड्या वेळानं मी त्याची चाकं घट्ट आहेत का ते बघितलं आणि ठेवून दिलं. परवापर्यंत ही आठवण मी गंमत म्हणून सांगत असे. आता रात्री भांडी विसळताना तीच आठवली तर हातातला पेला तसाच नळाखाली राहिला आणि पाणी बाहीत शिरलं.

बुधवारी मी एक प्रयोग केला. येताना लाकडी ट्रक आणला, आमच्याच लॅबमधून पास झालेल्या मालातला, म्हणजे त्याबद्दल माझं मन स्वच्छ होतं, आणि न तपासता सरळ तिच्यापुढे फरशीवर ठेवला. "घे, खेळ." तिनं ट्रककडे बघितलं, मग माझ्याकडे.

"बाबा, मोज."

"आज मोजायचं नाही. आज नुसतं खेळायचं."

"मोज."

"अगं, चांगलाच आहे तो. खेळ."

तिनं स्वतःच चाक धरलं आणि मोजायला लागली. तेव्हा मी तिच्या हातातून ट्रक घेतला, गुडघ्यांवर बसलो आणि ट्रक फरशीवरून फिरवला. घुर्रर्र, असा आवाज काढला. सोफ्याच्या पायाला वळसा घातला. पों पों केलं. माझा मलाच इतका वेडपट वाटला तो आवाज, की मी दारं-खिडक्यांकडे बघून घेतलं. ठकी लक्ष देऊन बघत होती. साहेब नव्या माणसाचं काम बघतात तशी, मध्ये न बोलता. मी आणखी एक फेरी मारली. संपल्यावर ती आली, ट्रक उचलला, पाच वेळा आपटला आणि मला परत दिला. "चांगलंय. घे." मी फरशीवर बसूनच राहिलो. हातात ट्रक. मला तिची भीती वाटली. ही गोष्ट बापानं बोलू नये, पण वाटली. ताई म्हणाल्या होत्या 'काहीच नव्हतं', ते मला आता दिसत होतं, आणि त्यात अनोळखी असं काही नव्हतं. मी दाढी करताना रोज बघतो ते. दुसऱ्याला दुखलं तर दुखतं, हे हिला कळतच नसेल तर? उद्या ही मोठी होईल, कुणाची तरी बायको होईल, कुणाची आई, आणि समोरचं माणूस रडत असताना दहा मोजत उभी राहील. यात तिचा दोष तरी काय? खाण तशी माती.

त्या दिवशी झोपताना मी तिच्या अंगावरून हात फिरवला, सांगितलं होतं म्हणून. ती डोळे उघडे ठेवून पडली होती. मी किती वेळ फिरवतोय ते मनातल्या मनात मोजत होतो, हे तिसऱ्या मिनिटाला माझ्या लक्षात आलं.

शुक्रवारी ताईंनीच उपाय सुचवला. आठवडा तसा बरा गेला होता, म्हणजे त्यांनी बाळाला दिवसभर कडेवर किंवा पाळण्यातच ठेवलं होतं आणि त्यांची कंबर मोडली होती. "हे असं किती दिवस चालणार?" त्या म्हणाल्या. "तुम्ही एक करा. उद्या सुट्टी आहे. तिला खेळण्यांच्या दुकानात न्या आणि तिला निवडू द्या. तिला. तुम्ही हात खिशात घाला आणि उभे राहा. काय उचलते ते तरी कळू दे आपल्याला. काहीच उचललं नाही तर..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं. मी म्हटलं, जातो.

दुकान लहानसं होतं, दोन गल्ल्या सोडून. पुढे घोडे, सायकली, मागे छतापर्यंत रॅक. मालकीणबाई गल्ल्यावर बसल्या होत्या, अंगानं भारदस्त, चष्मा दोरीनं गळ्यात, हातात वर्तमानपत्राची गुंडाळी, तिनं त्या माश्या हाकलत होत्या. "या या," म्हणाल्या, "काय पाहिजे आमच्या राणीसरकारांना?" मी सांगितलं, तिला बघू द्या जरा. आणि खरंच हात खिशात घातले. रॅकवरची निम्मी खेळणी माझ्या ओळखीची होती. हा ठोकळ्यांचा संच जाड्यानं आपटलेला. त्या हत्तीची सोंड माझ्या हातून दोनदा नापास झाली होती, तिसऱ्यांदा शिवण बदलून आली तेव्हा पास. ठकी रॅकांच्या मधून हळूहळू चालत होती, हात पाठीमागे. कुठं थांबत नव्हती. भावल्या गेल्या, गाड्या गेल्या, वाजणारा ढोल गेला. उचल काहीतरी, मी मनात म्हणत होतो, अगं काहीही उचल.

कोपऱ्यात जमिनीवर एक खोकं होतं, राहिलेल्या मालाचं, सुट्या चाकांच्या गाड्या, एका बाजूनं उन्हानं विटलेले प्राणी. ठकी तिथं वाकली आणि तिनं एक कापडी बदक बाहेर काढलं. पिवळं, चोच जरा वाकडी, पाय केशरी. तिनं ते समोर धरून बघितलं. आता ओढणार. पण तिनं ओढलं नाही. तिनं बदक खांद्यावर टाकलं, त्याचं डोकं आपल्या मानेत घेतलं आणि छोट्या तळव्यानं त्याच्या पाठीवर थोपटायला लागली. तोंडानं काहीतरी बारीक, एकसुरी चाललं होतं. ते तिच्या आईचं होतं. शब्द कळत नव्हते पण ती चाल आमच्या घरात रोज संध्याकाळी ऐकू यायची, महिन्यापूर्वीपर्यंत. आठवण नाही काढली म्हणतात ना, ही घ्या आठवण. माझ्या अंगात काहीतरी सैल झालं. मला इतका आनंद झाला की तो कुणाला तरी सांगावासा वाटला, मी मालकीणबाईंकडे बघूनसुद्धा घेतलं. त्या हसल्या.

आणि मग मला तो पाय दिसला. डावा. तिच्या खांद्यावरून बदक माझ्याकडे पाठ करून लोंबत होतं आणि पायाच्या मुळाशी चार टाके होते, चारच, त्यातला एक उसवलेला. पाय अंगठ्याच्या पेरापेक्षा जरासा मोठा. घशात पूर्ण मावणार, हे मला डोळ्यांनीच कळलं. रात्री उशीजवळ घेऊन झोपेल, तोंडात घालेल, आणि मी पलीकडच्या खोलीत असेन. कुठला बाप गप्प बसेल? मी खिशातून हात काढला. "ठकी, दे जरा बाबाकडे."

तिनं दिलं. लगेच दिलं. माझ्याकडून वस्तू परत मिळते, चांगलंय घे म्हणून मिळते, याबद्दल तिला शंका नव्हती. मी एका हातानं धड धरलं, दुसऱ्यानं पाय, आणि ओढलं. मोठ्यानं मोजत होतो. एक, दोन, तीन. तीही माझ्याबरोबर ओठ हलवायला लागली. चार. पाच. सहाला टर्र झालं आणि पाय माझ्या हातात आला, मागून कापसाचा एक बोळा. "बघ," मी म्हणालो. खरोखर म्हणालो. "बघ, नापास."

ती बदकाकडे बघत होती. पायाच्या जागी जे भोक होतं त्याकडे. मग तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि तिनं जो टाहो फोडला तो मी तिच्या जन्मापासून ऐकला नव्हता. छाती भरून, डोळे मिटून, तोंडातले सगळे दात दिसतील इतकं. मी हात पुढे केले. ती मागे सरकली. वळली, धावली, घोड्यांमधून, सायकलींमधून, आणि गल्ल्याच्या मागे जाऊन त्या परक्या बाईच्या मांडीत तोंड खुपसलं.

चार दिवस मी जे मागत होतो ते मिळालं होतं. माझी पोर रडत होती, दुसऱ्या कुणाच्या तरी दुखण्यासाठी, आणि ते दुखणं मी दिलेलं होतं. मी बदक आणि पाय घेऊन रॅकांच्या मध्ये उभा होतो.

"अगं बाई बाई!" मालकीणबाईंनी तिला उचलून घेतलं. "कोणी रडवलं माझ्या सोन्याला? कोणी? नाव सांग मला."

ठकीनं मान वर न करता माझ्याकडे बोट दाखवलं.

"ह्यानं? ह्या बाबानं? थांब, आपण याला चांगलं बदडूच. असं कुणी करतं का? बघ हं." पोरांच्या समजुतीसाठी सगळी मोठी माणसं करतात तसं त्यांनी डोळे वटारले, वर्तमानपत्राची गुंडाळी उगारली आणि गल्ल्यावरून वाकून माझ्या दंडावर हाणली. फाट्‌ असा आवाज झाला. "आणखी एक देऊ?"

रडणं मध्येच तुटलं. ठकीनं दोन्ही हातांनी ती गुंडाळी धरली. नाक वाहत होतं, चेहरा लालबुंद, शब्द हुंदक्यांत अडकत होते.

"नको," ती म्हणाली. "नको मारू. बाबाला लागतं."

मालकीणबाई हसायला लागल्या. "बघा हो पोरीची माया! एवढं रडवलंत तरी बापाचीच बाजू." मी पुन्हा हात पुढे केले. ठकी आली नाही. त्यांच्या कडेवरच राहिली, पण गुंडाळी काही सोडेना. घट्ट धरून ठेवली होती, बोटं पांढरी होईपर्यंत. बाबाला लागतं, हे हिला कोणी सांगितलं असेल? तिच्या आईनं सांगितलं नसणार, तिलाच ते माहीत नाही.

"का हो, खरंच लागलं की काय?" मालकीणबाईंनी गमतीनं विचारलं.

कागदाच्या गुंडाळीनं काय लागणार! पण ठकी ओल्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती, उत्तरासाठी थांबलेली.

"हो," मी म्हणालो. "खूप लागलं."